गवा वळायचा तो कोपरा

अक्का, तुमचा दगडांचा गडगा अजून उघडाच पडलाय. बाराव्याचे पाहुणे गेले, मांडववाल्यानं मांडव सोडून नेला, भाड्याची पातेली परत गेली. कोपऱ्यातले दगड मात्र अंगणात मांडून ठेवलेत तसेच आहेत. शेजारची शेरडं सरळ आत येतात आणि तुमच्या गवती चहाला तोंड लावून जातात. आज सकाळी मी काठी घेऊन धावले आणि सवयीनं ओरडले, "बघा अक्का, म्हणून सांगत होते भिंत पक्की करा!" आणि मग तिथंच उभी राहिले. तुमचं उत्तर ठरलेलं असायचं ना. "शेरडं हाकलली की जात्यात. मोठी गाडी माघारी गेली तर परत येईल व्हय?" कान तेवढ्यासाठी थांबले होते. पदरानं तोंड पुसलं आणि शेरडांना हाकललं. जातात तशी, हाकलली की.

जावाजावा नि उभा दावा म्हणतात. आपला दावा साडीवरून नव्हता, सोन्यावरून नव्हता, चुलीवरून तर नव्हताच. होता तो या कोपऱ्यावरून. कोल्हापूरहून गारगोटीला जाणारा रस्ता आपल्या घरापाशी असा वळतो की एसटीचा नवा ड्रायव्हरसुद्धा शिवी हासडल्याशिवाय वळण घेत नाही. एका अंगाला खोल ओढा, दुसऱ्या अंगाला आपलं अंगण. साध्या गाडीला रस्ता पुरतो. मोठ्या गाडीला, म्हणजे अवजड यंत्रं नेणाऱ्या गाडीला, पुरत नाही. तिला आपल्या अंगणाचा कोपरा कापूनच जावं लागतं. म्हणून तेवढा कोपरा तुम्ही सुका ठेवलात, नुसता दगडावर दगड. चिखल नाही, सिमेंट नाही. गाडी आली की उतरवायचा, गेली की रचायचा. मला तिथं पक्की भिंत हवी होती. शेरडं, साप, पेरू चोरणारी पोरं, सगळं त्या गडग्यातनं आत यायचं. तुम्हाला वाट हवी होती. मी लग्न होऊन या घरात आल्यापासून तुम्ही हॉस्पिटलात गेलात तोवर आपण यावर भांडलो आणि निकाल काही लागला नाही.

तुम्हाला नेताना काय झालं ते सांगते. तुम्ही होताच तिथं, पण बघत नव्हता.

तिरडी उचलायची वेळ झाली. माणसं गेटाकडं वळली. आपला सागर, मी ज्याला जन्म दिला आणि तुम्ही ज्याला वाढवलंत तो, गेटाकडं गेलाच नाही. तो कोपऱ्यात गेला आणि गडग्याचे दगड उतरवायला लागला. हाच सागर बरं का! त्या कोपऱ्यात पक्कं बांधून दूध संकलनाचं केंद्र काढायचं म्हणून ज्यानं विटांचा ढीग आणून टाकलाय, गवंडी सांगून ठेवलाय, तो. भावकीतलं कुणीतरी म्हणालं, "आरं, गेटातनं न्हेऊया की, येळ कशाला घालवाय लागलास?" त्यानं वर न बघता सांगितलं, "अक्का ह्याच वाटंनं जाणार."  चार माणसं हात लावायला गेली तर त्यांच्यावर ओरडला. "असं टाकू नका! वरला थर लांब, खालचा थर जवळ. ज्याचा दगड त्याच्या जागंला." तुमचं वाक्य, तुमच्याच आवाजात. मी हुंदका आवरून उभी होते, तिथं फुटले.

आणि तुम्ही त्या वाटेनं गेलात. पुढं मडकं धरलेला सागर, दोन्ही अंगाला माणसं, वर वाकलेली चिंचेची फांदी कुणीतरी बांबूनं उचलून धरलेली. अक्का, अगदी तसंच. मोठी गाडी वळणावर माणसाच्या चालीनंच जाते, तुम्हीच शिकवलंत. शेजारून चाकाखाली लावायच्या पाचरा घेऊन माणसं चालतात, वरच्या तारा बांबूनं उचलतात, आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही. एवढीशी तुमची काया, पण तुम्हाला नेलं ते एखादं अवजड यंत्र नेतात तशा जपणुकीनं. मला रडताना हसू आलं. लोकांना वाटलं, हिचं डोकं फिरलं.

तुमची आणि त्या गाड्यांची गोष्ट मला आधी कुठं ठाऊक होती! मी नवी नवरी होते. तुम्ही थोरल्या जाऊ, निपाणीकडच्या, दिवसातून चार शब्द बोलणाऱ्या. मला वाटायचं, बाई घमेंडी आहे. एकदा सकाळी मुकादम आणि दोन माणसं दारात आली. वर वीजघराचं काम चाललं होतं, त्याचं यंत्र न्यायचं होतं. "मालक, गाडी वळत न्हाय. तुमचा कोपरा मिळाला तर लई उपकार हुतील." मामंजी ओसरीवर बसले होते. त्यांच्या हातात अडकित्ता होता. ते म्हणाले, "रस्ता सरकारचा, अंगण माझं. पलीकडनं न्या." पलीकडं ओढा. मुकादम मान खाली घालून उभा राहिला.

तेवढ्यात तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर आलात. डोक्यावर पदर, कोपरापर्यंत पीठ. सासऱ्यासमोर तोवर तुमचा आवाज या घरानं ऐकला नव्हता. तुम्ही म्हणालात, "मामंजी, मोठ्या गाडीला न्हाय म्हणायचं नसतं."

माझ्या हातातली कळशी निसटायची राहिली. मला वाटलं, आता अडकित्ता उडतोय. मामंजींनी विचारलं, "का नसतं?"

"माझं वडील, आप्पा, असल्याच गाडीवर हुतं. मोठी गाडी सोताच्या जोरावर कवाच पोचत न्हाय. वाटंतल्या माणसांनी जागा दिली तर पोचती. आप्पा पयला घास घेण्याआधी जागा देणाऱ्यांची नावं घ्यायचं. देवाच्या आधी. अमक्या गावचा अमका, त्यानं ऊस तोडून वाट दिली. तमकी म्हातारी, तिनं चुलीचं छप्पर काढून दिलं. आमी पोरं हात धरून बसायचो, नावं संपस्तवर जेवण न्हाय. मामंजी, तुमचं नाव बी कोणतरी घेईल की."

 मामंजींनी अडकित्ता पानाच्या डब्यात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, पयला दगड तू काढ."

त्यानंतर जे आलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आधी आवाजसुद्धा आला नाही. फळीवरची भांडी वाजायला लागली. घंगाळातलं पाणी थरथरलं. गोठ्यातली म्हैस रवंथ करायची थांबली. मग लांबून एक घुमणारा आवाज आला, घशातल्या घशात गुरगुरल्यासारखा, आणि तुम्ही दगड हातात धरून तशाच उभ्या राहिलात. "वासंते, ह्यो आप्पांचा गवा हाय," तुम्ही म्हणालात. अजून वळणापलीकडं काही दिसतही नव्हतं! मी म्हटलं, गाडीचा आवाज काय, सगळ्या सारख्याच.  तुमचा चेहरा माहेरचं माणूस दिसल्यावर होतो तसा झाला होता.

आणि गवा आला. त्याला गवा का म्हणत ते सांगायला नको, बघितलं की कळायचं. लांब पुढं आलेलं नाक, काळं कुळकुळीत अंग आणि चाकांना पांढरा रंग, राधानगरीच्या रानातल्या गव्याच्या पायात मोजे असतात तसा. परदेशी बनावटीचा जुना पुलर, अवजड ट्रेलर ओढणारा. तुमच्या आप्पांनी तरुणपणी हाकलेला, आता दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात असलेला. चाक माझ्या खांद्याला लागेल एवढं. त्याच्या मागं ट्रेलर, गोमेच्या पायांसारख्या चाकांच्या रांगाच रांगा, आणि त्यावर ताडपत्रीत बांधलेलं ते यंत्र, आपल्या घरापेक्षा उंच. ट्रेलरच्या अगदी शेपटाला एक माणूस बसून मागची चाकं वळवत होता. आणि त्याच्याही मागं दुसरा पुलर, ढकलणारा. मी विचारलं, "ह्याला पुढचं काय दिसतं?" तुम्ही म्हणालात, "कायबी न्हाय. त्यानं पुढल्यावर भरोसा ठेवायचा आणि जोर लावायचा. पुढल्यापेक्षा त्येचं काम अवघड." शिट्टी वाजली की थांबायचं, शिट्टी वाजली की जोर. बोटभर पुढं, पुन्हा थांबा, पाचर काढा, पाचर लावा. सकाळ त्यातच गेली. आपल्या वस्तीतलं कुणी शेतावर गेलं नाही. पोरंसुद्धा रडली नाहीत. देवळात उभं राहावं तशी माणसं उभी होती, आणि मामंजींनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला होता. ते यंत्र आपल्या अंगणातून, तुळशीपासून हातभर अंतरावरून गेलं. तुळशीचं पान हललं नाही. एवढा बोजा आणि एवढी नजाकत! मला त्या दिवशी कळलं की माणसं असलंही काही करू शकतात. कुणी मला देव दाखवला असता तरी मी एवढी चकित झाले नसते, खरं सांगते.

तुम्ही गव्याच्या नाकाला हळदकुंकू लावलंत, नारळ फोडलात, ड्रायव्हरला गूळपाणी दिलंत. आप्पांचं नाव ऐकून तो खाली उतरला आणि तुमच्या पाया पडला. "वर बसता का ताई, एकदा?" त्यानं विचारलं. सगळं गाव बघत होतं. तुम्ही मामंजींकडं बघितलंत, मान हलवलीत आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेलात.

तेव्हापासून गडगा सुका. कधी कारखान्याचा बॉयलर, कधी विजेचा ट्रान्सफॉर्मर, कधी पुलाचे गर्डर. दरवेळी मुकादम यायचा आणि घरातल्या पुरुषांना सोडून विचारायचा, "अक्का हायत का?" आमचे हे चिडवायचे, "आमचं नाव सातबाऱ्यावर, आन् मालकीण तुमी, वहिनी!" थोरले भावोजी नुसते मिशीत हसायचे. त्यांना तुमचं कौतुक होतं, बोलून कधी दाखवलं नाही त्यांनी.

आणि तो सिमेंटचा घोळ आठवतो का? न आठवून कसं चालेल! तुम्ही भाचीच्या लग्नाला निपाणीला गेला होता. तेवढ्यात बॉयलर येऊन गेला. मी दगड उतरवून दिले, तुमची उणीव भासू दिली नाही. बॉयलर नेणारा कंत्राटदार नवा होता, बिचारा भला माणूस. त्याला वाटलं, ह्या बाया दरवेळी दगड उचलतात, आपण परतफेड करावी. त्यानं गवंडी लावून तिथं झकास सिमेंटची भिंत घातली. वर पिवळा रंग! मला विचारलं, मी म्हटलं घाला की. का नको म्हणू? अजूनही म्हणते, भिंत देखणी झाली होती आणि मी केलं त्यात काही चुकलं नाही.

तुम्ही एसटीतून उतरलात. हातात लग्नातल्या बुंदीचा डबा. भिंत बघितलीत. डबा माझ्या हातात दिलात आणि विचारलंत, "पहार कुठं हाय?" नेमका तेव्हाच तो कंत्राटदार शाबासकी घ्यायला पेढे घेऊन आला. त्याच्या डोळ्यांदेखत तुम्ही भिंत फोडायला सुरुवात केलीत, लग्नातली साडी नेसून! तो गयावया करायला लागला, "बाई, आम्ही तर चांगलंच केलं." तुम्ही घाम पुसत म्हणालात, "चांगलं? तुझी गाडी गेली म्हणून दार लावून घेतलास व्हय रं? मागनं येणाऱ्यानं काय करायचं?" त्यानं पेढे ओट्यावर ठेवले, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि दुसरी पहार मागितली. शेवटी दोघांनी मिळून भिंत फोडली, आणि मी दोघांना चहा करून देत बसले. माझ्याच भिंतीच्या मयताला!

गव्याला तुम्ही शेवटचं भेटलात तेही माझ्यामुळं, हे विसरू नका. तुमच्या साठीची साडी घ्यायला आपण कोल्हापूरच्या राजारामपुरीत गेलो होतो. दुकानदार घडीवर घडी उलगडत होता आणि तुमचं लक्ष नाही. "वासंते, कुठलीबी घे, मला शिरोलीला जायचंय." तुम्हाला शाहूपुरीतल्या टायरवाल्या इम्राननं सांगितलं होतं की गवा तिकडं एका वाहतूकदाराच्या आवारात उभा आहे, कायमचा. मी कपाळाला हात लावला. साठीला टेकलेल्या दोन बायका, हातात साडीची पिशवी, रिक्षा करून ट्रक बघायला निघालेल्या! रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, "नक्की तिथंच जायाचंय का मावशी? तिथं भंगार हाय नुसतं."

भंगार नव्हतं ते. कडेला गवत वाढलं होतं, काचेवर धूळ होती, चाकांचा पांढरा रंग पोपडे धरून सुटला होता. पण गवा उभा होता. बसला नव्हता. अशी गाडी उभी असली तरी आपला आवाज आपोआप खाली येतो. तुम्ही चप्पल काढलीत. नाकावर हात ठेवून बराच वेळ उभ्या होता. उन्हानं पत्रा तापलेला होता, तरी तुम्ही हात काढला नाहीत. मग इकडंतिकडं बघितलंत आणि हळूच म्हणालात, "मामंजी न्हाईत आता. वर चढू का?"

अगं बाई! मी तुम्हाला मागून ढकललं, अक्का. साडीचा काष्टा खोचलेला, एक पाय पायरीवर, दुसरा हवेत. तुम्ही वरून ओरडताय, "जोर लाव की!" आणि मी खालून, "मला काय दिसतंय वरचं?" "दिसायचं न्हायच! भरोसा ठेव आन् ढकल!" वॉचमन तोंडात तंबाखू धरून बघत राहिला. तुम्ही एकदाच्या बसलात. पाय खालपर्यंत पोचत नव्हते. ते भलंथोरलं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलंत. मी खाली उभी. मला वाटलं, आता आनंदानं काहीतरी बोलाल. तुम्ही म्हणालात, "एवढ्या वरनं आप्पांना वाटंतली माणसं बारकी दिसत असतील न्हाय? तरी त्येंनी एकाचं नाव सोडलं न्हाय." मग डोळ्याला पदर लावलात. मी चाकाला टेकून उभी राहिले. परत येताना साडी त्या आवारातच विसरली, इम्रानला पाठवून आणावी लागली.

ह्या इम्राननं आणि त्याच्या दोस्तांनी तुम्हाला नादाला लावलं की तुम्ही त्यांना, हे मला कधी उमगलं नाही. कॅमेरे गळ्यात अडकवून मोटारसायकलवर मोठ्या गाड्यांच्या मागं फिरणारी पोरं. त्यांच्या भाषेत 'ओडीसी' निघाली, म्हणजे रस्त्याच्या मापात न बसणारा माल निघाला, की तुम्हाला फोन. "अक्का, निघालीय! कागलच्या पुढं गाठायची. येताय का?" आणि तुम्ही भाकरी तव्यावर टाकून सागरच्या गाडीवर मागं बसून पसार. पोरं फोटो काढायची, तुम्ही काढत नव्हता. "फोटूत वजन येत न्हाय," म्हणायचात. नव्या पुलरवर तर तुमचा रागच. "ह्येला नाकच न्हाय. चिडलाय का दमलाय, कळणार कसं?" मी म्हणायची, "अहो, आत थंड हवा असते, सीट गादीची असते. ड्रायव्हरच्या पाठीचा विचार करा की! तुमच्या आप्पांची पाठ शेवटी सरळ होत नव्हती, तुम्हीच सांगता." यावर तुम्ही गप्प बसायचात, म्हणजे मी बरोबर होते. पण मागच्या खेपेला महामार्गावर तो नवा पुलर चढ चढताना बघून तुम्ही माझा दंड घट्ट धरला होता, तेही मला आठवतंय. त्याला नाक नव्हतं तरी.

हॉस्पिटल राजारामपुरीत, वरच्या मजल्यावर. खिडकीशी खाट मिळाली म्हणून मला बरं वाटलं, तुम्हाला नाही. "खाली नुसत्या रिक्षा आन् स्कुटरी. काचबी हलत न्हाय कवा." डॉक्टरीणबाईंना हसू आलं. मी म्हटलं, काचा हलल्या तर लोक पळून जातील, आजारी माणसं आहेत इथं. तुम्ही हसलात आणि मग विचारलंत, "वासंते, कोपऱ्याचं काय ठरलं?"

मला माहीत होतं, विटा आल्यात. तुम्हालाही माहीत होतं, मला माहीत आहे. या रस्त्यानं बऱ्याच वर्षांत मोठी गाडी आली नव्हती. सागरचं म्हणणं खोटं नव्हतं. आसपासची माणसं दुधाच्या किटल्या घेऊन लांब चालत जातात, केंद्र दारात झालं तर सगळ्यांची सोय. मी म्हटलं, "बरं होऊन घरी या, मग भांडू." तुम्ही माझा हात धरून ठेवला होता. "व्हय," म्हणालात, "भांडू की." आणि डोळे मिटलेत. दुपारचे डबे वाटत होते तेव्हा. मला वाटलं, झोप लागली.

काय ठरलं ते मी सांगितलं नाही, कारण काही ठरलंच नव्हतं. मला तुमच्याशी आणखी भांडायचं होतं, अक्का. तुमच्याशिवाय ही बाजू एकटीनं लढवायला मला जमत नाही. समोर कुणी नसलं की आपण बरोबर आहोत याची गंमतच जाते.

आता आजचं ऐका, हे सगळं लिहायला बसले ते त्यासाठीच.

दुपारी गवंडी आला. दोरी, ओळंबा, सगळं घेऊन. सागर त्याला कोपरा दाखवत होता, पण त्याचं लक्ष दगडांच्या त्या थरांकडं जात होतं. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. मला जे हवं होतं तेच होणार होतं. इतकी वर्षं मागितलेली भिंत.  गवंड्यानं विचारलं, "पाया कुठनं धरू?" सागर म्हणाला, "थांब जरा," आणि माझ्याकडं बघितलं. मी तांदळात बघितलं.

तेवढ्यात गेटाशी जीप थांबली. पुढं लाल झेंडा बांधलेला. एक तरणा माणूस उतरला, हातात माप घ्यायची टेप. "नमस्कार. मावशी, हितं अक्का म्हणून हायत का?"

 गवंडी ओळंबा धरून उभा. मी उठून पुढं गेले. "काय काम होतं, पावणं?"

"वर वीजघराचा ट्रान्सफॉर्मर बदलायचाय. नवा न्यायचाय परवा. मी आदी वाट तपासत आलोय. आमचं जुनं ड्रायव्हर म्हणालं, गारगोटीच्या वाटंला त्या वळणावर गाडी अडणार. पण तिथं अक्का हायत. त्यांना इचार, त्या न्हाय म्हणत न्हाईत." मग त्याची नजर उघड्या कोपऱ्यावर, रांगेत मांडलेल्या दगडांवर गेली आणि तो चकित होऊन हसला. "आरं देवा! तुमी तर आदीच काढून ठेवलंय. कुणी कळवलं?"

अक्का, कुणी कळवलं नव्हतं. ती तुमची वाट होती, तुम्ही गेलात ती.  दगड बघत उभी राहिले. मागं सागरच्या नाकाचा सूं सूं आवाज येत होता.

"अक्का गेल्या," मी सांगितलं. "आत्ताच बारावं झालं."

त्यानं टेप खाली ठेवली आणि हात जोडले. परक्या माणसाचे डोळे भरले. म्हणाला, त्यानं तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, पण जेवणाला बसताना जुने ड्रायव्हर नावं घेतात त्यात तुमचं असतं. ओळखत नसलेले लोक घेतात. "गारगोटी वाटंची अक्का." तुम्हाला हे ठाऊक होतं का? तुम्ही आप्पांच्या नावांची गोष्ट सांगायचात, तेव्हा आपलंही नाव कुठं घेतलं जात असेल असं कधी मनात आलं होतं का?  कुठं कुठं रस्त्याच्या कडेला, गाडीच्या सावलीत, स्टोव्हवरच्या भाताचा पहिला घास हातात धरून माणसं तुमचं नाव घेत होती. आणि इथं मी शेरडं हाकलत तुमच्यावर ओरडत होते.

तो चाचरत म्हणाला, "मग... कोपरा मिळंल का आमाला? का आता—" आणि विटांच्या ढिगाकडं बघितलं.

सागर माझ्याकडं बघत होता. गवंडी सागरकडं. मला वाटलं, आता स्वयंपाकघरातून तुम्ही बाहेर याल, कोपरापर्यंत पीठ. कुणी आलं नाही.

मी म्हटलं, "मोठ्या गाडीला न्हाय म्हणायचं नसतं."

सागरनं लगेच गवंड्याला हाक मारली. "त्या विटा गोठ्याच्या अंगाला घेऊया. केंद्र तिकडं काढायचं." जणू हे त्याला कधीपासून म्हणायचंच होतं. गवंडी पुटपुटला, दोरी गुंडाळायला लागला. तो माणूस कोपऱ्याची मापं घेऊन जीपकडं निघाला, गेटाशी थांबला आणि परत आला.

"मावशी, तुमचं नाव काय? जेवताना घ्याय लागतं म्हणून इचारतोय. आता अक्का न्हाईत तर कोपरा कुणाचा म्हणून सांगू?"

परवा गाडी येईल. मी गूळ किसून ठेवलाय, नारळ आणायला सागर गेलाय. इम्रानला फोन केला, तर तो आधी रडला आणि मग म्हणाला, सगळी पोरं घेऊन येतो. पुलरला नाक नसेल, तुम्ही नाक मुरडलंच असतं. मी मागच्या पुलरपाशी उभी राहणार आहे, ज्याला पुढचं काही दिसत नाही त्याच्यापाशी. आणि ट्रान्सफॉर्मर गेला की गडगा मी परत रचीन. सुकाच. मला अजूनही तो आवडत नाही, हे ध्यानात ठेवा.

त्या माणसाला मी माझं नाव सांगितलं नाही. म्हटलं, "कोपरा अक्कांचाच सांगा. नावही त्यांचंच घेत राहा. दगड उतरवायला मी आहे."